सुंदरबाईंचा उपास

सुंदरबाईंचे यजमान रुपचंद जेवता जेवताच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सुंदरबाईंच्या डोळ्यांसमोर मात्र त्यांच्या तोंडातला घासच राहिला. सुतकात मोठ्या नणंदेने, बेबाबाईंनी, रीतीप्रमाणे कडू घास भरवला, तेव्हा तो गळ्याशी अडला. सुंदरबाईंनी तो हळूच पदरात काढला. तेव्हापासून त्या ताक, पेज आणि वरणाच्या पाण्यावर राहिल्या.

एरंडोलात लोक म्हणू लागले, बाईने नवऱ्यामागे अन्न सोडलं. बायका पाया पडू लागल्या. सुंदरबाईंनी कुणाला अडवलं नाही. अडवण्याइतकं आत काही उरलंच नव्हतं.

सोन्याच्या बांगड्या मनगटावरून गळू लागल्या तेव्हा सून हेमांगी त्यांना जळगावला घेऊन गेली. तपासणीत घसा चांगला निघाला. मग मानसोपचाराच्या डॉक्टरांनी समजावलं, "आजी, ही गिळायची भीती आहे. आजारच आहे हा, आणि तो बरा होतो." त्यांनी गोळी दिली. तीही गिळवेना, म्हणून पातळ औषध दिलं. दर भेटीला डॉक्टरबाई समोर बसवून खायला लावत. आधी कुस्करलेलं केळं, नंतर मऊ खिचडी, मग पोळी.

"भीती येऊ द्या. चढते तशी उतरते. तोवर चावत राहा."

भीती यायची, उतरायची. हेमांगी टाळी वाजवायची. सुंदरबाई भिंतीकडे बघत राहायच्या.

वर्षश्राद्धाला घर भरलं. वरण-बट्टीची पंगत बसली. बेबाबाईंनी सवयीने सुंदरबाईंपुढे ताकाचा पेला ठेवला. सुंदरबाईंनी ताट मागितलं.

"आते खावाले लागनी?" बेबाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. "भूली गयी मना भाऊले?"

हेमांगी उठायला लागली. सुंदरबाईंनी तिला हाताने खाली बसवलं.

"तो उपास नव्हता, अक्का. घास गियाले माले भ्याव वाटे. बिमारी शे. औषध चालू शे."

पाया पडणाऱ्या बायका आपापल्या ताटात बघू लागल्या.

"अन् मी बठ्ठा गावमा तुनं नाव करत फिरनू!" बेबाबाईंचा आवाज चिरकला.

सुंदरबाईंनी बट्टीचा तुकडा तोंडात घातला. भीती चढली. त्या चावत राहिल्या. घास उतरला, तरी बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

"अक्का," त्या म्हणाल्या, "भाजी वाढ."