बोरसांगवीच्या जीपची स्टेपनी

दुष्काळानं बोरसांगवीच्या म्हशी आटल्या, विहिरी आटल्या, पण सहकारी दूध संघ काही आटला नाही. दुधाचा थेंब नसला तरी संघाला एक चेअरमन होते, तीन संचालक होते आणि त्या चौघांना फिरवायला जीप होती. ती चाँदपाशा चालवायचा. जीप संघाची असली तरी तिच्यात जीव त्याचा अडकलेला. स्टेपनी चोरीला जाऊ नये म्हणून त्यानं गुरं डागतात तशी तापल्या सळईनं ती डागली होती. वीत-वीत अंतरावर एकेक चंद्रकोर. नावातच चाँद, मग दुसरी खूण शोधायची कशाला?

तरी स्टेपनी गेलीच. उमरग्याला निघायच्या दिवशी गोदामातून जीप काढताना ते त्याच्या ध्यानात आलं. गोदामाची किल्ली चेअरमन आबारावांच्या कमरेला असायची.

"साहेब, स्टेपनी न्हाय. आन् पुढचं टायर लई घासलंय," तो म्हणाला.

"डांबरी रस्ता हाय की! टायरला काय धाड भरलीय? चल," आबाराव म्हणाले. उमरग्यात त्यांचा सत्कार होता.

धाड अर्ध्या वाटेवर भरली. टायर फाडदिशी फुटलं आणि जीप बाभळीला टेकून उभी राहिली. आबाराव कडब्याच्या ट्रकवर बसून पोचले, तोवर त्यांचा हार दुसऱ्याच चेअरमनच्या गळ्यात पडला होता. माणूस सगळं विसरेल, हुकलेला हार विसरायचा नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कचेरीत बैठक भरली. चपला दाराबाहेर, चौघं सतरंजीवर आणि चाँदपाशा उभा. टायर फुटलं त्याला जबाबदार कोण, एवढाच विषय होता.

"ड्रायव्हर!" आबाराव म्हणाले. "टायर काय, फुटतंच. पण स्टेपनी असती तर अर्ध्या घंट्यात निघालो असतो. ती ह्यानंच इकली असणार."

"अल्लाकसम साहेब, म्या कशाला इकू?"

"तू भायेर थांब. आमी ठराव करताव."

ठराव म्हणजे नोकरी गेली. उद्यापासून बायकोच्या, ताहेराबीच्या जोडीनं दुष्काळी कामावर खडी फोडायची, आणि गावातलं 'डायव्हरसाब' संपलं. बाहेर येऊन बिचाऱ्याला रडूच कोसळलं.

दारात एक चप्पल उलटी पडली होती. उलटी चप्पल म्हणजे भांडण, हे त्याला आईनं शिकवलेलं. आधीच भांडण काय कमी होतं, म्हणून तो ती सरळ करायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. चपलेच्या तळाला चंद्रकोर होती! त्यानं दुसरी उलटली, तिसरी उलटली. आठही चपला टायरच्या, आणि आठही तळांवर त्याचा चाँद. रडू पळालं आणि टाळकं सटकलं. त्यानं आठही चपला मातीत गोल मांडल्या.

"साहेब, स्टेपनी गावली!"

चौघं दारात धावले आणि खाली बघून उंबऱ्यातच थबकले.

"कुणाच्या हाईत ह्या?" चाँदपाशानं अदबीनं विचारलं. "ज्याच्या असतील त्यानं पायात घालाव्यात. जबाबदार कोण ते आपसूक कळंल."

संचालक महालिंगप्पांनी पाय धोतरात ओढून घेतले. "माझ्या न्हाईत बा. म्या अनवाणीच आलतो."

"म्या बी," कोंडिबा म्हणाले. ज्ञानोबांनी तर जन्मात चप्पल घातली नसल्याचं सांगितलं. त्यांच्या पायांवर पट्ट्याचे वळ लख्ख दिसत होते.

आबाराव खाकरले. "लिव्हा. स्टेपनी आठ तुकड्यांत दारात सापडली. ड्रायव्हर निर्दोष."

"मंग जबाबदार कोण?" चाँदपाशानं विचारलं.

"ऊन!" महालिंगप्पांना सुचलं. "उन्हानंच टायर फुटलं."

ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

चाँदपाशानं चपला दोरीत ओवून खांद्याला अडकवल्या. स्टेपनीची जागा जीपमागं, आणि जीप तिकडं बाभळीखाली. नोकरी वाचली म्हणून त्याला नाचावंसं वाटत होतं. तेवढ्यात उंबऱ्यावर एका पायानं उभे राहिलेले आबाराव हळूच म्हणाले, "चाँदपाशा, त्यातली एक जोड..."

"कुठली जोड साहेब? ही तर स्टेपनी."

आबारावांनी दुसरा पाय मातीला टेकवला आणि चटका बसल्यासरशी वर घेतला. चाँदपाशाला खरंच कीव आली.

"सावली-सावलीनं जावा साहेब," तो कळवळून म्हणाला.

पण त्या साली बोरसांगवीत झाडांना पानं होती कुठं?