तामाओची गादी

आमच्या घरातली सगळ्यात चांगली गादी एका बाईसाठी राखलेली होती, आणि ती बाई अस्तित्वातच नव्हती. माझा नवरा सेइकिची कादंबऱ्या लिहायचा आणि ही तामाओ त्याला त्या सुचवायची, असं तो म्हणायचा. तिची बसायची जांभळी रेशमी गादी त्याच्या खोलीत मानाच्या पाहुण्याच्या जागी, भिंतीवरच्या चित्रासमोर. मी रोज सकाळी गुडघे टेकून तिच्यापुढे चहा ठेवायचे आणि दुपारी तोच गार चहा मोरीत ओतायचे. मग नवऱ्याचं गिचमिड लिखाण सुवाच्य अक्षरात उतरवायला बसायचे. आमच्या कामाकुरा गावात लेखकाच्या बायकोनं एवढं करायचंच असतं.

आमची मुलगी मिचि सहा वर्षांची असताना न्युमोनियानं गेली. शेवटच्या दिवशी मी नवऱ्याच्या खोलीचं दार तीनदा वाजवलं.

"थांब गं, तामाओ बोलतेय," एवढंच आतून आलं.

मिचि शेवटचं जे बोलली, ते माझ्या एकटीच्या कानात बोलली. त्यानं कधी विचारलंही नाही.

विचारलं ते दोन वर्षांनी. मासिकाचा संपादक कुरोसु सकाळपासून दाराशी हस्तलिखितासाठी ठाण मांडून बसला होता, तेव्हा.

"अगं फुमिए, शेवटचं प्रकरण अडलंय. मुलगी मरते ना, तिथं. आपली मिचि शेवटी काय बोलली होती?"

"कशाला हवंय?"

"मला नाही गं, तामाओला हवंय. ते कळल्याशिवाय तोंड उघडणार नाही म्हणते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीचं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि हा ते छापायला निघाला होता.

"तिला हवंय ना? मग मी तिलाच सांगते. तुम्ही बाहेर व्हा."

तो खुळ्यासारखा बाहेर गेला. मी दार ओढून घेतलं आणि त्या गादीशी वाकून मिचिचा शब्द न् शब्द सांगितला. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणूनच सांगू शकले. पोर गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले. मग तोंड पुसून दार उघडलं.

"सांगितलं सगळं. आता विचारा तिला."

"अगं, पण मला..."

"का? तुम्हाला सगळं सांगते ना ती?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग गादीकडे. 'तामाओ नाहीच,' एवढं जरी म्हणाला असता, तरी मी त्याला जवळ बसवून सगळं सांगितलं असतं. तो म्हणाला नाही. गादीसमोर बसला आणि हळूच म्हणाला, "तामाओ, बोल ना."

कुरोसु दिवेलागणीला हात हलवत परत गेला. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. नवऱ्यानं त्यानंतर एक ओळ लिहिलेली नाही. मी अजून रोज गादीपुढे चहा ठेवते. तो तिथंच बसून असतो, कधी रडतो, कधी तिच्यावर ओरडतो, "बापापासून लपवतेस?"

मी दाराबाहेरून म्हणते, "थांबा हो, ती मिचिशी बोलत असेल."