धाकटी माई

गाडीच्या काचेला चिकटवलेल्या, रस्ता सांगणाऱ्या यंत्राला घरात सगळे धाकटी माई म्हणत. त्यातून बोलायची ती माईच. फक्त बऱ्याच वर्षांपूर्वीची. यंत्र नवं आणलं तेव्हा त्यात कुणा परक्या बाईचा आवाज होता. माईच्या नवऱ्याला तो पहिल्याच वळणावर खटकला. "ही कोण मला सांगणारी? इतकी वर्षं तुझं ऐकलं, आता हिचं ऐकू?" यंत्रात आपला आवाज भरायची सोय होती. मग एका दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून माईने एकेक वाक्य भरलं. डावीकडे वळा. उजवीकडे वळा. सरळ जा. "शक्य असेल तिथे मागे वळा" हे तिने अशा काही ठसक्यात म्हटलं, की समोर बसलेला नवरा फस्सकन हसला आणि ते हसू वाक्याच्या शेपटाला कायमचं चिकटून राहिलं.

त्याने एक नियमही घालून दिला होता. गाडीत एका वेळी एकच माई बोलेल. धाकटीने तोंड उघडलं की थोरलीने मिटायचं. तो गेल्यावर हा नियम मुलाने पुढे चालवला. उन्हाने यंत्राचा पडदा दुधासारखा पांढरा पडला होता, अक्षरं वाचायची तर ते सावलीत, डोळ्यांजवळ धरावं लागे. तरी नवं घेऊ असं कुणी म्हणत नव्हतं. रस्ता चुकला की बाबा हसतात, असं मुलगा म्हणायचा. कधीकधी तो मुद्दाम चुकतो, असा माईला संशय होता. नवऱ्याचा आवाज तेवढ्या एका जागी उरला होता.

या खेपेला तिघं तळ्याकाठच्या एका विश्रामगृहाकडे निघाली होती. मुलगा आणि सून पुढे, माई मागे, तिच्या मांडीवर सगळ्यांचे स्वेटर. वाटेत एक फाटा लागतो. तिथून उजवीकडे तळं आणि डावीकडे तासाभराच्या अंतरावर माईच्या थोरल्या बहिणीचं घर.

"ताईकडे डोकावून जाऊ या का?" माईने निघतानाच विचारलं होतं.

"येताना बघू," मुलगा म्हणाला.

"मागच्या खेपेलाही येतानाच बघणार होतास."

"माई, खोली दुपारी ताब्यात घ्यायचीय. येताना नक्की."

येताना सगळे दमलेले असतात, हे माईला ठाऊक होतं. आणि गेल्या आठवड्यात ताई फोनवर अगदी अदबीने म्हणाली होती, "आपण कोण बोलताय?" मग लगेच, "अगं, तू होय!" पुढच्या वेळी दुसरं वाक्य येईलच, असं नव्हतं. हे तिने मुलाला सांगितलं होतं. "वयानं होतं तसं," तो म्हणाला होता.

फाट्याच्या थोडं अलीकडे ते चहाला थांबले.

"तुम्ही जाऊन या. माझे गुडघे एकदा बसले की उठायला कुरकुरतात," माई म्हणाली.

दोघं गेल्यावर तिने पुढे वाकून यंत्र काचेवरून काढलं आणि शालीच्या आडोशाला धरलं. त्याला बोलायला तिनेच शिकवलं होतं. कुठे काय दाबायचं ते बोटं विसरली नव्हती. "उजवीकडे वळा"च्या जागी तिने "डावीकडे वळा" भरलं. ते सोपं होतं. पण चुकीच्या रस्त्याला लागताच यंत्र मागे वळा म्हणणार, आणि मुलगा बाबांचं हसू ऐकून खुशाल वळणार.

तिने ते वाक्य एकदा लावून ऐकलं. फस्स. दुसऱ्यांदा ऐकलं असतं तर हात चालला नसता.

"सरळ जा," ती यंत्राला म्हणाली, आणि जुन्या वाक्याच्या जागी ते भरलं.

सुनेने तिच्यासाठी कागदी पेल्यात चहा आणला. गाडी निघाली. फाटा आला.

"डावीकडे वळा," धाकटी म्हणाली. मुलगा वळला.

"हिला सर्दी झाली की काय?" सून म्हणाली. "आवाज बसलाय."

"जुनी झाली बिचारी."

माई खिडकीबाहेर बघत चहा पीत राहिली.

"सरळ जा," धाकटी म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "सरळ जा."

"अरे, तळ्याची पाटी तर उजव्या हाताला होती."

"ती सांगतेय ना."

"मग पाटी काय थापा मारते?"

पुढे वीटभट्टीचं धुराडं दिसलं. मुलाने वेग कमी केला. लहानपणी मावशीकडे जाताना तो हे धुराडं दिसलं की सीटवर उभा राहायचा. त्याने गाडी कडेला घेतली.

"सरळ जा," धाकटी म्हणाली.

तो क्षणभर कान देऊन थांबला. पुढे काही आलं नाही. मग त्याने मान वळवून माईकडे पाहिलं. "माई, ही आता मागे वळा म्हणायला हवी होती."

"हो."

"त्यात बाबा होते."

"होते."

"एवढं होतं तर मला सांगायचंस."

"सांगितलं की. तुम्ही थोरलीचं ऐकता कुठे?"

सुनेने मान फिरवली आणि पर्समधून फोन काढला. "मी विश्रामगृहाला कळवते, संध्याकाळी पोचतो म्हणून."

"ते हसू मला पाठ आहे," माई म्हणाली. "ताईला मी किती दिवस पाठ राहीन, ते सांगता येत नाही."

"सरळ जा," धाकटीने आठवण करून दिली. मुलाने नाक पुसलं आणि गाडी सुरू केली.

ताई दारापुढे दोरीवर कपडे वाळत घालत होती. गाडीतून उतरणाऱ्या माईकडे तिने पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. हातातली ओली चादर ठिबकत होती.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली. "आणि आलीस ती रिकाम्या हाताने. धर हे दुसरं टोक."