मुलांकडे तोंड केलेला कॅमेरा

मित्रांनो, मी मलावीतल्या एका विद्यापीठातला जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. माझ्या वाट्याला ना लग्ने आली, ना फुटबॉलचे सामने. प्राध्यापकांना अधिक चांगले शिकवता यावे म्हणून उघडलेल्या केंद्रात माझी नेमणूक झाली. तिथल्या प्रमुख लुसुंगु म्कांडावीरे यांना सगळे आदराने मायी, म्हणजे आई, म्हणतात.

"प्राध्यापकांना शिकवायला निघालेत!" असे म्हणून लोक हसत. आमच्याकडे कोणी फिरकत नसे.

मग एके दिवशी गणिताचे चिरांबो सर आले. मोठे नावाजलेले, पण पहिल्या वर्षाची निम्मी मुले त्यांच्या विषयात नापास होत. तो वर्ग त्यांच्याकडून काढून घेण्याचे घाटत होते.

"म्हातारपणी माझी परीक्षा घेणार का, मायी?" सर गुरगुरले.

"परीक्षा कसली, सर? हे चित्रण तुमच्यामाझ्याशिवाय कोणी बघणार नाही. विभागप्रमुखसुद्धा नाही."

सरांच्या वर्गात मायींनी मला फळ्याकडे नव्हे, मुलांकडे तोंड करून ठेवले.

दुपारी सर केंद्रात चित्रण पाहायला बसले. त्यांचा आवाज खणखणीत होता. मुलांच्या माना मात्र एकेक करून खाली जात होत्या. एका मुलीने हात वर केला. सर फळ्यावर लिहीतच होते. हात अवघडला, तसा तिने दुसऱ्या हाताचा टेकू दिला. शेवटी हात खाली घेऊन तिने वही मिटली.

"थांबवा." सरांनी त्या मुलीकडे बोट दाखवले. "तिला काय विचारायचं होतं?"

"मला काय ठाऊक? तिलाच विचारा की."

दुसऱ्या दिवशी सर स्वतः मला उचलून वर्गात घेऊन गेले. त्या मुलीचे नाव वाटिपासो. सरांनी विचारल्यावर ती कालची वही उघडून चाचरत म्हणाली, "सर, या ओळीवरून पुढची ओळ कशी आली, तेच कळलं नाही."

"आम्हालाही नाही!" मागून चारपाच जण ओरडले. सगळे हसले. सरही हसले आणि त्यांनी फळा पुसून पुन्हा सुरुवात केली.

त्यानंतर सर मायींबरोबर बसून तास नव्याने आखू लागले. थोडे सांगायचे, थांबायचे, मुलांना आपापसात गणित सोडवू द्यायचे, कोण कुठे अडते ते बाकांमधून फिरून पाहायचे. वर्षअखेरीस नापासांची संख्या खूपच घटली. वर्ग सरांकडेच राहिला. पण मला खरा अभिमान वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. चहाच्या वेळी सर इतर सगळ्या प्राध्यापकांसमोर म्हणाले, "मी तिथे शिकायला जातो. तुम्हीही जा." मग आमच्या दारात रांग लागली.

आता हे काम मोबाइल करतात आणि मी कपाटात असतो. मायी अधूनमधून माझी काच मऊ कापडाने पुसतात. मित्रांनो, वस्तूंची अशी निगा राखा. आणि शिक्षकांनी "कळलं का?" असे विचारले, तर उगाच मान डोलावू नका. कळले नसेल, तर "नाही" म्हणा. त्यांचेही शिकणे तिथूनच सुरू होते.