कैची नावाची सभासद

दुपारच्या प्रॅक्टिकलला वीस मिनिटं होती. तेवढ्या वेळात उत्तरा गायधनीनं कॉलेजच्या स्टाफरूममधल्या कॉम्प्युटरवर बसून भिमाजी विधात्यांना ‘द्राक्षकट्ट्या’वरून काढून टाकलं. २००६चा नोव्हेंबर होता. कारणाच्या चौकटीत तिनं लिहिलं, ‘तिसरी समज. अर्वाच्य भाषा. एक वर्ष बंद.’ बटण दाबलं, चहाचा कप विसळून जागेवर ठेवला आणि मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची मुळं दाखवायला निघून गेली.

द्राक्षकट्टा तिच्या नणंदेच्या मुलानं, यशोधननं, तीन वर्षांपूर्वी सुरू केला होता. नाशिकात कॅनडा कॉर्नरजवळ त्याचं वेबसाइट बनवायचं ऑफिस होतं. द्राक्षातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण बागायतदार एकमेकांना फोन करकरून विचारतात त्यापेक्षा एका जागी लिहितील, असं त्याच्या डोक्यात आलं आणि त्यानं मंच उभा केला. “मामी, तू बॉटनीची. नियंत्रक तूच,” म्हणून पासवर्ड तिच्या हवाली करून तो मोकळा झाला. बघता बघता सहाशे सभासद झाले. दिंडोरी, निफाड, अगदी सांगलीकडचेसुद्धा. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटायचं. ऱ्हस्वदीर्घाची पार वाट लागायची, पण कोणाचं त्यावाचून अडत नव्हतं.

नियम उत्तरानंच लिहिले होते, एकूण सात. शिवीगाळ केली की समज, तीनदा समज मिळाली की वर्षभर बाहेर. बाहेर काढलेला माणूस दुसऱ्या नावानं आत आला, तर दोन्ही नावं कायमची बंद. लिहिताना तिला ते कॉलेजच्या परीक्षेच्या नियमांसारखे स्वच्छ वाटले होते.

भिमाजी विधाते पिंपळगाव बसवंतचे. कट्ट्यावर त्यांच्या तोडीचं कोणी नव्हतं. कोणी पानाचा फोटो टाकला की तासाभरात त्यांचं उत्तर यायचं: हा डाऊनी रोग नाही, हे उन्हानं झालंय, उगाच फवारू नका. आणि ते बरोबर निघायचं. पण तोंड फाटकं. एकदा सांगलीच्या एका सभासदाला त्यांनी गाढव म्हटलं, ती पहिली समज. एका औषध विक्रेत्याच्या सात पिढ्या काढल्या, ती दुसरी.

तिसरी साईमुळे झाली. साई दिंडोरीकडचा, वडिलांची बाग नुकती हातात घेतलेला, फार गोड लिहिणारा मुलगा. ‘सर्व ज्येष्ठांना नमस्कार’ अशी सुरुवात करून त्यानं लिहिलं की फुलोऱ्याआधी घड लांबवायला जीए नावाचं संजीवक फवारतात, त्याचं प्रमाण यंदाच्या थंडीत दुप्पट करावं, असं त्याच्या वाचनात आलंय. खाली भिमाजींचं उत्तर पडलं. पहिल्या ओळीत साईच्या आईचा उद्धार. दुसऱ्या ओळीत, दुप्पट मारलं तर घड पिळवटून दोरी होईल, कोणी करू नका.

उत्तरानं पहिली ओळ वाचली आणि उत्तर पुसून टाकलं. सगळं. साईचं लिखाण राहिलं, कारण त्यात नियमाविरुद्ध काहीच नव्हतं.

पुढचे दहा-बारा दिवस कट्टा निवांत होता. दोघातिघांनी ‘मॅडम, बरं झालं’ म्हणून निरोप पाठवले. एकानं लिहिलं, ‘भिमाजीशिवाय कट्ट्यावर येऊन करायचं काय?’ त्याला तिनं सभ्यपणे नियम क्रमांक चार वाचायला सांगितला.

मग ‘कैची’ नावाची नवी सभासद आली. नावापुढं फोटो नाही, गाव नाही, फक्त ‘मी सांगते’ असं लिहिणं बाईचं. पहिल्याच दिवशी तिनं तीन प्रश्नांची उत्तरं दिली. घडातले मणी कधी आणि किती विरळ करायचे, घडाची कोणती पाकळी, म्हणजे बाजूचा फाटा, आधी कापायची, कापताना कैचीचं टोक आत का धरायचं नाही, हे तिनं इतकं नीट लिहिलं की उत्तरानं ते वर्गात सांगायला कागदावर उतरवून घेतलं. भाषा साधी, कोणाला अरे नाही की तुरे नाही.

चौथ्या दिवशी यशोधनचा फोन आला. “मामी, ती कैची भिमाजींच्याच घरच्या कनेक्शनवरून लिहितेय. नंबर तोच.”

“खात्री?”

“शंभर टक्के. मला आधीच वाटलं होतं. इतकी माहिती दुसऱ्या कोणाला असणार? बाईसारखं लिहून आत शिरलाय बुवा.”

उत्तराला राग आला तो फसवलं गेल्याचा. आपण त्या माणसाचं लिहिणं कौतुकानं उतरवून घेतलं, याचा जास्तच. तिनं कैची बंद केली, भिमाजींच्या नावापुढचं ‘एक वर्ष’ खोडून ‘कायम’ केलं, आणि सगळ्यांना दिसेल अशी सूचना लावली: ‘बनावट नावानं आलेल्या सभासदास काढण्यात आले आहे.’

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसातल्या फोनवर तिला बोलावणं आलं.

“गायधनी मॅडम का? मी कलाबाई विधाते बोलते, पिंपळगावहून. काल तुम्ही मला उडवलं.”

उत्तराला क्षणभर उलगडा होईना. “तुम्हाला?”

“कैची मीच हाय. तुम्ही लिहिलं बनावट. मी काय बनावट नाय. भिमाजी विधाते माझे मालक, पण लिहिलं ते मी.”

“तुम्ही स्वतः टाइप केलंत?”

“दहावी झाले मी, मॅडम. आमच्याकडं महिलांसाठी कॉम्प्युटरची बॅच निघाली होती, तिथं शिकले. एका बोटानं लिहिते, लय वेळ लागतो. पण लिहिते.”  मग आवाज जरा खाली आला. “तुम्ही त्यांना बंद केलं ना, तेव्हा कुठं ती खुर्ची रिकामी झाली. त्याआधी कॉम्प्युटरपुढं मला कोण बसू देतंय? ते विचारायचे, काय गं, ह्याला काय सांगू? मी भाकरी थापता थापता सांगायचे, ते लिहायचे. शिव्या तेवढ्या त्यांच्या.”

उत्तराला हसू आलं आणि लगेच ते विरलं. कारण कलाबाईंनी हसायला फोन केला नव्हता.

“अजून एक. आमच्या शेजारी गोटीराम हाय. त्यानं तुमच्या कट्ट्यावर वाचून जीए दुप्पट मारलं. मालकांनी नको म्हणून लिहिलं होतं, ते त्याच्या वाचण्यात आलंच नाय. येऊन बघा एकदा.”

उत्तरा रविवारी सकाळी एसटीनं पिंपळगावला गेली. जायची गरज नव्हती, असं यशोधनचं म्हणणं. “नियम नियम आहे, मामी. उद्या जो तो म्हणेल ती माझी बायको होती.” त्यावर काय म्हणायचं ते तिथं जाऊनच ठरेल, म्हणून ती गेली.

कलाबाई थांब्यावर आल्या होत्या. चाळिशीच्या, उंच, बोटांवर कैचीनं पडलेले घट्टे. घरी न नेता त्यांनी तिला आधी गोटीरामच्या बागेत नेलं. गोटीराम वेलीखाली उभा होता. त्यानं एक घड हातात धरून दाखवला. देठ ताठ, वाकडातिकडा, घड पिळल्यासारखा. पुढचा तसाच. त्याच्या पुढचाही.

“सगळी ओळ?” उत्तरानं विचारलं.

“सात ओळी,” गोटीराम म्हणाला. “बाकीच्यांना मारणार, तेवढ्यात कलावयनी धावत आल्या.” तो चिडलेला दिसत नव्हता. “कोणी नको म्हटलं असतं तर थांबलो असतो ना, मॅडम. खाली कोणी काहीच लिहिलं नव्हतं. मला वाटलं, भिमाजीनंबी वाचलं असंल आणि पटलं असंल.”

उत्तरा त्या घडाकडं बघत राहिली. खाली लिहिलं होतं. तिनं पुसलं होतं. तिनं ते गोटीरामला तिथंच सांगितलं.  गोटीरामनं मान हलवली आणि हातातला घड सोडून दिला.

घरी ओट्यावर भिमाजी बसले होते. ठेंगणे, पांढऱ्या टोपीतले, लिखाणावरून वाटायचे त्यापेक्षा पुष्कळ गप्प. चहा आला. मग म्हणाले, “शिवी दिली. दिली. तुम्ही काढलं, ते मी मानलं. पण पोराचं खोटं ठेवलं आणि माझं खरं पुसलं, हे नाय मानत.”

“ते माझं चुकलं,” उत्तरा म्हणाली. “पण तुमचं एक वर्ष तसंच राहील.”

“राहू द्या. कायमचं लिहिलंय ते?”

“ते आजच काढते.”

“मग ठीक.” त्यांनी बशी खाली ठेवली. “आता लिहिते ती बरं लिहिते. मी वाचतो.”

कलाबाई आतून म्हणाल्या, “वाचतात आणि मागं उभं राहून चुका काढतात.”

नाशिकला परतल्यावर उत्तरा थेट यशोधनच्या ऑफिसात गेली. बराच वेळ दोघांचं वाजलं. यशोधनला भीती होती की एकदा नियम वाकवला की कट्टा हातातून जाईल. उत्तराचं म्हणणं, नियम वाकवायचा नाही, नियमात जे नव्हतं ते घालायचं. शेवटी तो म्हणाला, “तू नियंत्रक. पण खाली नाव तुझं टाक, माझं नको.”

तिनं नाव टाकलं. सूचना लांबलचक नव्हती. कैची ही स्वतंत्र सभासद असून तिला बनावट म्हणणं ही नियंत्रकाची चूक होती. भिमाजी विधात्यांचं उत्तर शिवी वगळून पुन्हा लावलं आहे. ते आधी पूर्ण पुसल्यानं एका बागायतदाराच्या सात ओळी खराब झाल्या, तीही नियंत्रकाची चूक. यापुढं शिवी असलेल्या उत्तरातली शिवी तेवढी काढली जाईल, आणि औषधाचं प्रमाण सांगणाऱ्यानं ते स्वतः वापरलं आहे की नुसतं वाचलं आहे, हे लिहिल्याशिवाय ते ठेवलं जाणार नाही. हा आठवा नियम.

साईनं त्याखाली माफी मागितली आणि पुढच्या आठवड्यात मोटारसायकलवर गोटीरामकडं जाऊन आला. काय बोलणं झालं ते दोघांनीही कट्ट्यावर लिहिलं नाही. चाळीसेक सभासद सोडून गेले. काहींना भिमाजींशिवाय मजा नव्हती, काहींना नियंत्रकानं अशी जाहीर कबुली देणं पटलं नव्हतं. त्यातला एक जण पुढं महिनाभर दुसऱ्या एका मंचावर उत्तराची टर उडवत होता. ती ते वाचायची आणि बंद करायची.

जानेवारीत तिनं कलाबाईंना विचारलं, तुम्हीही नियंत्रक व्हाल का? कलाबाई फोनवर म्हणाल्या, “कोणाला हाकलणं माझ्याच्यानं व्हायचं नाय. प्रमाणाचं विचारलं तर सांगीन.” आणि तेवढंच काम त्यांनी घेतलं. औषधाचं प्रमाण कोणी लिहिलं की आधी ते त्यांच्या नजरेखालून जायचं.

वर्ष भरल्यावर उत्तरानं भिमाजींचं नाव उघडलं आणि तसं कळवलं. ते परत आले नाहीत. कलाबाईंनी सांगितलं, आता त्यांना बोटानं लिहायचा कंटाळा येतो, तोंडानं सांगतात.

त्याच हिवाळ्यात सांगलीच्या एका सभासदानं तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला. कैचीनं उत्तर दिलं ते बरोबर होतं, पण शेवटी एक ओळ अशी होती की सभासदाच्या डोक्यात माती भरली आहे काय. उत्तरानं ती ओळ काढली आणि कलाबाई विधात्यांना पहिली समज पाठवली.

पाच मिनिटांत एका शब्दाचं उत्तर आलं. ‘मिळाली.’