दार उघडायचं बटण

लोक नवं घर बघायला जातात तेव्हा नळाला पाणी येतं का बघतात, भिंतीला ओल आहे का बघतात, शाळा किती लांब ते विचारतात. हा गृहस्थ लिफ्टमध्ये शिरायचा आणि बटणं बघायचा. पेशाने लिफ्ट मेकॅनिक, वीस वर्षं त्याच कामात मुरलेला. एजंटला आधी वाटलं, असेल बापड्याची सवय. पण तिसऱ्या बिल्डिंगमध्येही घरात पाऊल न टाकता तो "नको, चला" म्हणाला, तेव्हा एजंटचा पारा चढला.

"अहो, निदान घर तरी बघा! दोन बाल्कन्या आहेत!"

"असू देत. इथली माणसं थांबत नाहीत."

त्याचं शास्त्र असं होतं. लिफ्टमध्ये मजल्यांच्या आकड्यांखाली दोन बटणं असतात, एक दार उघडं धरायचं, दुसरं दार लावायचं. लावायचं बटण झिजलेलं दिसलं की समजावं, बाहेर पावलं वाजली की इथले लोक घाईघाईने दार लावून घेतात. उघडायचं बटण झिजलेलं असेल तर इथे मागून येणाऱ्यासाठी कुणीतरी थांबतं. आता हे शास्त्र कुठल्या पुस्तकात नाही, आणि एजंटला तर तो शुद्ध खुळेपणा वाटला. बायकोलाही वाटलाच. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. म्हणाली, "मग मीही काचेवरचे डाग बघून गिऱ्हाइकाचा स्वभाव सांगते की!" पण म्हणताना हसली नाही. हे खूळ कुठून आलं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यांना दोन मुली, थोरली नऊ वर्षांची, धाकटी चार. जुन्या बिल्डिंगमध्ये हे कुटुंब बाहेरचं. बोलण्याची धाटणी वेगळी, रंग वेगळा, डब्यातलं वेगळं. तोंडावर वाईट कुणीच बोललं नाही, सगळे अगदी सभ्य. फक्त थोरली शाळेतून येताना दिसली की लिफ्टमधल्या पोरांपैकी कुणीतरी बटण दाबायचं आणि दार तिच्या नाकासमोर लागायचं. महिनाभर तिने हे सोसलं. मग पाठीवर दप्तर घेऊन सहा मजले जिन्याने चढायला लागली. विचारलं तर म्हणायची, "मला जिना आवडतो."

बापाने ते खरं मानलं. एके दिवशी तो त्याच बिल्डिंगमधल्या बंद ठेवलेल्या लिफ्टच्या टपावर बसून दोर तपासत होता, तेव्हा शेजारच्या लिफ्टमधून आवाज आला, "ए, ती आली, ती आली! लाव, लाव, लाव!" मग दार लागलं, आत खसखस पिकली आणि जिन्यावर ओळखीच्या चपला वाजायला लागल्या. टपावर बसल्या बसल्याच त्याला रडू कोसळलं. अख्ख्या शहराच्या लिफ्टा हा चालू ठेवतो आणि याची पोर जिन्याने चढते! दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात जाऊन बदली मागितली. कुठेही टाका म्हणाला. घर लहान असो, मोठं असो, थोरलीने चार माणसांबरोबर लिफ्टमध्ये चढावं, एवढंच त्याला हवं होतं.

एजंटने कपाळाला हात लावत चौथी बिल्डिंग दाखवली. रंग उडालेला, पत्रपेट्यांवरची नावं चार तऱ्हेच्या लिप्यांत, एका पेटीवर नुसतं मांजराचं चित्र. लिफ्टमध्ये दार लावायचं बटण नवंकोरं चकचकीत आणि उघडायच्या बटणावरची खूण पार पुसून गेलेली. मेकॅनिकने त्यावरून अंगठा फिरवला.

"हेच," तो म्हणाला.

"अहो, ओट्यापाशी खिडकी नाहीये," बायको वरून आल्यावर म्हणाली.

"खिडकीचं बघू नंतर."

सामान आलं, पडदे लागले, धाकटीने दुसऱ्याच दिवशी एक मैत्रीण पटकावली. थोरली मात्र इथेही जिन्यानेच. पाच मजले. तोंडातून चकार शब्द नाही. एक आठवडा गेला. बाप रोज संध्याकाळी तिच्या लाल झालेल्या गालांकडे बघायचा आणि ताट अर्धं टाकून उठायचा.

नवव्या दिवशी तो हत्यारांची पिशवी घेऊन कामावरून परतला, तर खाली लिफ्ट उघडी. आत तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, म्हणजे एक निवृत्त कंपाउंडर, बटणावर अंगठा दाबून उभे. मागे भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका आणि एक कडेवरचं मूल. सगळे थोरलीकडे बघत होते. ती दोन पायऱ्या चढून तिथेच खिळली होती.

"मी जिन्याने जाते," ती म्हणाली.

"जा की," कंपाउंडर म्हणाले. "पण आमचा अंगठा काही दमलेला नाही. विचार बदलला तर आम्ही इथेच आहोत."

"लवकर बदल गं बाई," एक बाई म्हणाली, "माझं दूध उतू जाईल वर!"

थोरली खाली उतरली, आत शिरली आणि कोपऱ्यात पाठ टेकून उभी राहिली. बापाचा जीव भांड्यात पडला. तो लगबगीने मागोमाग शिरायला गेला. तेवढ्यात कंपाउंडरांनी अंगठा काढला आणि दार सणकन त्याच्या खांद्यावर आदळलं.

"अरेरे! चावलं का?" कंपाउंडर म्हणाले. "सांभाळून हं. इथे बटण धरलं नाही तर हे दार कुणालाही चावतं. दोन वर्षं झाली."

खांदा चोळत तो पाच मजले दाराची कड न्याहाळत राहिला. दारात कुणी आलं की दार मागे फिरवणारा सेन्सर बंद होता. बस, एवढीच गोष्ट. माणसं चांगली म्हणून बटण झिजलं नव्हतं, दार बिघडलं म्हणून झिजलं होतं. वीस वर्षांचा अनुभव आणि असा साफ तोंडघशी पडला!

"आपण फसलो," तो बायकोला म्हणाला आणि सगळं सांगितलं.

"पोर लिफ्टमधून आली ना?"

"आली. पण अगं, सेन्सर नीट केला की बटण कोण दाबणार? कुणी कुणासाठी थांबणार नाही. मग ही परत जिन्यावर."

"आणि कुणाची बोटं सापडली म्हणजे?"

यावर त्याने पेपर उघडला.

सोसायटीच्या सेक्रेटरीण बाई स्वतःहून आल्या. "तुम्ही यातलेच आहात म्हणे. कंपनीवाले आमचा फोनसुद्धा उचलत नाहीत हो. बघता का जरा?" तो म्हणाला, बघतो, पण पार्ट मागवावा लागेल. धडधडीत खोटं. त्याने आदल्या दिवशीच झाकण काढून पाहिलं होतं. एक वायर निसटली होती आणि सेन्सरच्या काचांवर धूळ बसली होती, अर्ध्या तासाचं काम. आयुष्यात त्याने लिफ्ट जाणूनबुजून बिघडलेली ठेवली नव्हती. आता ठेवली, आणि रोज थोरली लिफ्टमधून वर आली की मनाला म्हणायचा, आणखी एक दिवस.

असे अकरा दिवस गेले. थोरली आता घरात बडबडायला लागली होती. कंपाउंडर आजोबा असं म्हणाले, दूधवाल्या काकू तसं म्हणाल्या. बटण धरायचं काम तिने स्वतःकडेच घेतलं होतं. बाराव्या दिवशी ती मनगट काळंनिळं करून आली. दुसऱ्या मजल्यावरचं पोर धावत येत होतं, गर्दीत बटणापर्यंत हात पोचेना, म्हणून तिने हातच दारात घातला.

"फार नाही दुखत," ती म्हणाली.

बापाला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने चहाचा कप तसाच ठेवला आणि पिशवी उचलली. थोरली टॉर्च धरायला आली. खालच्या मजल्यावर त्याने लिफ्ट बंद केली, झाकण काढलं, काचा पुसल्या, वायर घट्ट बसवली. मग दारात हात धरला. दार हाताजवळ येऊन थबकलं आणि निमूट मागे गेलं.

"एवढंच होतं?" थोरलीने विचारलं.

"एवढंच."

"मग इतके दिवस का नाही केलंस, बाबा?"

पार्टचं खोटं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण समोर ते मनगट होतं. "मी घाबरलो," तो म्हणाला. "दार बिघडलंय म्हणून इथे सगळे एकमेकांसाठी थांबतात. नीट केलं की थांबणार नाहीत, आणि तू पुन्हा जिन्याने जायला लागशील, असं वाटलं."

थोरलीने टॉर्च खाली केला. कपाळाला आठ्या घातल्या.

"पण दार त्यालाच लागतं ना, जो दारात असतो?"

"हो."

"मी कुठे दारात होते? मी तर जिन्यावर होते, बाबा. तरी आजोबा थांबले."

झाकणाचा स्क्रू मेकॅनिकच्या मुठीतच होता, तरी तो खाली वाकला आणि बराच वेळ तिच्याकडे पाठ करून फरशीवर स्क्रू शोधत राहिला.