पिवळ्या सफरचंदाचा शेंडा

हेतरामने पिवळ्या सफरचंदाच्या झाडाचा शेंडा उडवला, तेव्हा त्याची भावजय रामदासी माहेरी होती. भाचीच्या लग्नाहून ती परत आली, तर बांधावरचं जुनं झाड बोडकं होऊन बर्फात उभं. तिचं डोकंच फिरलं.

"सावली पडत होती माझ्या रोपांवर," दीर भिंतीपलीकडून म्हणाला. वाटणीनंतर भावजयीचं तोंड दिसू नये म्हणून ही भिंत त्यानेच घातली होती.

"सावली? अरे बैला, आपल्या लाल झाडांना फळ धरतं ते याच्या परागावर! कोटखाईतलं शेंबडं पोरसुद्धा याला करवत लावणार नाही!"

"फुटेल परत."

"फुटेल ना! बघच कसं फुटतं!"

शेंडा असतो तोवर खालच्या डोळ्यांना, न फुटलेल्या कोंबांना, आवरून धरतो. तो गेला आणि सगळे मोकाट सुटले. चैत्रात झाडावर फूल औषधालाही नव्हतं. मधमाश्या नुसत्याच हिंडल्या आणि दोन्ही बागा फळाविना राहिल्या. भाद्रपदापर्यंत कापल्या जागेवरून काठ्यांसारख्या फांद्यांचं रान सरळ वर गेलं, सावली आधीहून दाट. रामदासीला दिराची फजिती बघून हसू यायला हवं होतं, पण तिचा संतापच होत होता. नवरा गेल्यापासून त्या झाडाला तिनेच वळण लावलं होतं.

एके सकाळी हेतराम करवत घेऊन आला. "भाभी, या काठ्या छाटतो."

"हात तर लाव! छाटशील तेवढ्या आणखी येतील. उभी फांदी नुसती पानं काढते. आडवी केली तरच फुलावर येते."

"आडवी कशी करू?"

"दोरी आण आणि दगड बांध."

"एवढे दगड कुठून आणू?"

तिने भिंतीकडे बोट दाखवलं.

हेतरामचा चेहरा पडला. तो एकेक दगड उपसून बांधत गेला, ती फांदी वाकवून धरत गेली. एकटीने होण्यासारखं हे काम नव्हतं, याचाही तिला राग येत होता. दुपारपर्यंत झाडाखालची भिंत गुडघ्याएवढी उरली. पलीकडे त्याची चूल दिसू लागली.

"फुलं कधी येतील?" त्याने विचारलं.

"दोन-तीन वर्षं जातील. तोवर अधूनमधून ये, दोरी धर आणि तोंड बंद ठेव."

"आणि भिंत?"

"दगड झाडाला लागलेत, दिसत नाही?" ती खेकसली. "ती गाठ ढिली बांध. फांदीला अजून जाड व्हायचंय."